मोठ्यांसमोर लांब केलेला पाय

आमच्या गावात आजारी माणसाला एकटं सोडत नाहीत. तापीकाठचं गाव, अर्धे भाऊबंद आणि उरलेले सोयरे. कुणाला साधं सलाईन लागलं तरी संध्याकाळपर्यंत ओट्यावर चपला मावत नाहीत. येणारा बिस्किटाचा पुडा आणतो, चहा घेतो, दुखरी जागा बघायला मागतो आणि ओळखीतलं कोण असंच होऊन गेलं ते सांगून उठतो. माझ्या गुडघ्याचं पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा मला वाटलं होतं, गुडघ्याने काही कुणी मरत नाही, निदान कोण गेलं ते तरी ऐकावं लागणार नाही. तेही ऐकावं लागलं.

मी कृषी सहायक आहे. नोकरीची बरीच वर्षं अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरांत गेली. उतारावर आडवे चर खणून घ्यायचे, रोपं आणि बियाणं पोचवायचं, पाणी आणि माती खाली पळून जाणार नाही असं बघायचं, हे माझं काम. लग्न केलं नाही. त्याची कारणं आहेत, पण त्यांचा गुडघ्याशी संबंध नाही. तळोद्यात भाड्याची एक खोली आणि सुट्टीला गावी आईकडे, असं बरं चाललं होतं. एकदा नर्मदेकाठच्या मणिबेलीला होडीने गेले, हातात बियाण्याची पिशवी घेऊन काठावर उडी मारली, पाय चिखलात रुतला आणि मी वळले. मी वळले, पाय वळला नाही. आत टक्कन आवाज झाला.

गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांना धरून ठेवणारा एक लिगामेंट असतो. तो तुटला होता. त्या वेळच्या डॉक्टरांनी माझ्याच मांडीच्या मागची एक चिवट शीर, स्नायूला हाडाशी जोडणारी, काढली, दोन्ही हाडांना भोकं पाडली आणि ती शीर त्यांतून ओवून नवा दोर बांधला. दोर हा शब्द माझा. घरी सोडताना त्यांनी मांडीपासून घोट्यापर्यंत लांब पट्टा बांधला आणि बजावलं की सहा आठवडे पाय सरळ ठेवायचा, दाखवलेला व्यायाम तेवढा करायचा, मांडी घालायची नाही आणि उकिडवं तर मुळीच बसायचं नाही.

आता आमच्याकडे मोठ्या माणसांसमोर पाय लांब करून बसत नाहीत. पुरुषसुद्धा बसत नाहीत, बाईचा प्रश्नच नाही. पहिल्याच दिवशी मोठे बाबा आले. मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यापासून आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. मी जमिनीवर गादीवर बसलेले, पट्ट्यातला पाय सरळ दाराकडे. आईने ओट्यावरून त्यांचा खोकला ऐकला आणि धावत आत आली.

"पाय आखडी ले वं. मोठा बाबा उनात."

"माय, डॉक्टरनी नही सांगेल शे."

"दोन मिनिटनी गोट शे. डॉक्टर काय आठे दखाले बठेल शे का?"

मी पट्टा सोडला, दोन्ही हातांनी पाय ओढून घेतला आणि मांडी घातली. घाम फुटला. वर पुन्हा उठून त्यांच्या पाया पडले. दोन मिनिटांची गोष्ट अर्धा तास चालली, कारण मोठे बाबा चहा बशीत ओतून, गार करून पितात. त्यानंतर मामा आले, चुलत आजोबा लागणारे कुणी आले, गावचे पोलीस पाटील आले. तीन आठवडे हेच. ओट्यावर खोकला झाला की पट्टा सोडायचा, माणूस गेला की बांधायचा. येणारे खूश व्हायचे. पोरगी मांडी घालते म्हणजे ऑपरेशन झकास झालं, असं एकमेकांना सांगत जायचे.

सहा-सात महिन्यांनी मी डोंगरात परत गेले. चराच्या कामावर एक उतार उतरताना गुडघा आतल्या आत सरकला आणि मी बसलेच. फोटो काढले, आतला दोर तुटलेला. मी तडक गावी गेले. आई ओट्यावर सुपात तुरीची डाळ निवडत होती. राग माझ्या नाकावर असतो, हे ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"तुन्हामुये गया मन्हा पाय," मी म्हटलं. "तुले मन्हा पायपेक्षा लोकेस्नी पडेल व्हती."

आईचा हात सुपात थांबला. ती भांडली असती तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते. मी उलट पावली बसथांब्यावर गेले आणि तळोद्याला परतले.

त्यानंतरची तीन वर्षं मी त्या खोलीत काढली. गावी जायचे ते दिवाळीला आणि लग्नाकार्याला, तेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. रविवारी आईचा फोन यायचा. जेवलीस का, जेवले. पाऊस आहे का, नाही. मग दोघी फोन धरून उभ्या राहायचो. साहेबांनी मला टेबलावर बसवलं. डोंगरातले लोक सही घ्यायला यायचे आणि विचारायचे, बाई वर कधी येणार? मी म्हणायचे, येईन. खिडकीतून सातपुडा दिसायचा. मी खुर्ची फिरवून पाठ करून बसायला लागले.

एकटं राहण्याची सवय मला आधीपासून होती. पण एकटं राहणं निराळं आणि पाय धड नसताना एकटं राहणं निराळं. न्हाणीत प्लास्टिकची खुर्ची ठेवली. माळ्यावरचा मोठा डबा खाली काढायला कुणाला सांगायचं म्हणून तो तीन वर्षं तिथेच राहिला, त्यात काय होतं तेही विसरले. गुडघा केव्हा दगा देईल सांगता यायचं नाही. आणि दिला की दर वेळी मला आईचाच राग यायचा, ताजाच्या ताजा.

मग एकदा अक्कलकुव्याला हायवे ओलांडताना गुडघा निसटला. मी रस्त्याच्या मधोमध बसले आणि समोरून ट्रक आला. ट्रकवाल्याने ब्रेक मारला, खाली उतरून मला उचललं आणि गुजरातीत मनसोक्त शिव्या दिल्या. त्यातला प्रत्येक शब्द बरोबर होता. पुढच्या आठवड्यात मी सुरतेची बस धरली.

सुरतेचे डॉक्टर उतारवयाचे, सावकाश बोलणारे. अर्धं गुजराती, अर्धं हिंदी. आमच्याकडच्यांना ते कळायला अडचण नसते. त्यांनी माझा गुडघा पुढे ओढून पाहिला, पिळून पाहिला आणि नवे फोटो काढायला लावले. एक हाडांच्या भोकांचा, एक बाजूने, उभं राहून. त्यांनी फोटो उजेडावर लावले. मग म्हणाले, दुसऱ्यांदा बांधायचं असेल तर आधी पहिला का तुटला ते शोधलं पाहिजे. नाही शोधलं तर दुसराही त्याच वाटेने जातो.

त्यांनी पेनाने दाखवलं. मांडीच्या हाडातलं भोक चुकीच्या जागी पडलं होतं. दोर तिरका यायला हवा होता, तो उभा आला होता. उभा दोर गुडघ्याला पुढे-मागे थोडाफार धरतो, पण माणूस वळला की धरत नाही. शिवाय भोकं आता रुंद झाली होती, नवा दोर त्यांत घट्ट बसला नसता. आणि तिसरी गोष्ट म्हणजे नडगीच्या हाडाचा माथा. तो सगळ्यांचाच थोडा मागे उतरता असतो, माझा जन्मापासून नेहमीपेक्षा जास्त. प्रत्येक पावलाला वरचं हाड त्या उतारावरून मागे घसरतं, खालचं पुढे येतं आणि सगळा ताण दोरावर.

मला हसू आलं. आयुष्यभर लोकांना उतार कसा मोडायचा ते शिकवत फिरले, आणि माझ्याच पायात उतार!

मग मी विचारलं. खरं तर हेच विचारायला मी तिथवर गेले होते. सांगितलं की पहिल्या तीन आठवड्यांत मी वीस-पंचवीस वेळा मांडी घालून बसले. घरच्यांनी बसवलं. त्यानेच तुटला ना?

डॉक्टर म्हणाले, "बसायला नको होतं. पण तुमच्या बसण्याने भोक चुकीच्या जागी पडलं नाही, आणि हाडाला उतारही आला नाही. तुम्ही पाय पेटीत ठेवून कुलूप लावलं असतंत तरी हा दोर टिकला नसता."

मला आनंद व्हायला हवा होता. मी बसथांब्यावर येऊन बसले. तीन वर्षं. सुपातल्या डाळीत थांबलेला तो हात मला दिसायला लागला. फोन काढला, आईचा नंबर काढला, आणि बंद केला. काय सांगायचं? तुझी चूक नव्हती, मी उगाच बोलले? एवढं बोलायला मला जमलं नाही. आधी ऑपरेशन होऊ दे, मग सांगू, अशी मी मनाची समजूत घातली.

काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्यात जुने स्क्रू काढायचे, कमरेच्या हाडातला थोडा चुरा घेऊन जुनी भोकं भरायची, आणि नडगीच्या हाडाच्या पुढून एक पाचर कापून काढून, फट मिटवून, वर धातूची पट्टी ठोकायची. पाचर गेली की माथ्याचा उतार कमी. मग पाच-सहा महिने थांबायचं, भोकं भरून हाड पक्कं होईपर्यंत. त्यानंतर दुसऱ्या टप्प्यात नवा दोर.

पहिल्या टप्प्याला मी एकटी गेले. नर्सने विचारलं, सोबत कोण? मी म्हटलं, कुणी नाही. ती म्हणाली, बाहेर बसलंय का? मी पुन्हा म्हटलं, कुणी नाही. तिने कागदावर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे जरा जास्तच मायेने बघितलं. ते मला अजिबात आवडलं नाही. भूल उतरली तेव्हा शेजारच्या खाटेभोवती सात माणसं होती. त्यांतल्या एकीने मला पाणी पाजलं.

तळोद्याच्या खोलीत आले. स्वयंपाकाला एक बाई लावली, ती तासाभरात जायची. उरलेला दिवस मी पलंगावर, पाय सरळ. आता पाय हवा तेवढा लांब करायला मोकळी होते. खोकणारं कुणी नव्हतं. समोर भिंत होती, तिच्यावर गेल्या भाडेकरूचं फाटलेलं कॅलेंडर. कुणीतरी यावं आणि मला पाय आखडायला सांगावं, असं मला एका दुपारी वाटलं आणि मी रडले.

एक बाई मात्र आली. गावातलीच, आमच्या वाड्याशेजारच्या घरची सून. तळोद्याच्या बाजाराला आली होती, कुठूनतरी माझं कळलं म्हणून बिस्किटाचा पुडा घेऊन वर चढून आली. तिच्या नवऱ्याचा पाय मोटरसायकलवरून पडून मोडला होता. पलंगावर टेकत ती सहज म्हणाली, "तुम्हनी मायनी भलती मदत करी आम्हले."

मी विचारलं, कसली मदत?

आई त्यांच्याकडे गेली होती, तिने सांगितलं. नवऱ्याला प्लास्टर होतं आणि सासरे घरात असल्यामुळे तो पाय ओढून बसत होता. आई दारातच उभी राहिली आणि सासऱ्यांसमोर बोलली, "पाय लांब ठेव रे भाऊ. मी लाज धरी ना, मन्ही पोरना पाय गया. तुम्हीन नका धरू." सासरे रागावले, तरी आई हलली नाही.

"आमनाच घर नई," ती म्हणाली. "कोनाबी पाय मोडो, त्या जातीस आणि हाईच सांगतीस."

ती गेल्यावर पुडा तसाच हातात राहिला. माझी आई, जिने जन्मात मोठ्या माणसासमोर मान वर केली नाही, ती तीन वर्षं दारोदार जाऊन स्वतःचा गुन्हा सांगत होती. आणि तो गुन्हा तिचा नव्हता. मी तिच्या पदरात टाकलेला होता.

कुबड्या सुटल्या त्या आठवड्यात मी गावी गेले, फोटोंची मोठी पिशवी घेऊन. आई चुलीजवळ होती. मी तिला खिडकीशी आणलं, काळा फोटो उजेडावर धरला. हे भोक बघ, हे इथे हवं होतं, तिथे पडलं. हा उतार बघ, हा जन्माचा आहे. आपल्या शेताचा बांध कसा उतारावर दर पावसात फुटतो, तसं. मांडी घालण्याने नाही तुटला. डॉक्टरांनी सांगितलंय. तुझी चूक नव्हती.

तिने फोटोकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती, लहान पोर खोटं बोलताना आपण बघतो तशी.

"चहा ठेवू का?" ती म्हणाली.

"माय, मी काय सांगी ऱ्हायनू?"

"माले नको समजाडू. तू मन्हा मन राखी ऱ्हायनी." मग चुलीकडे वळून, पाठमोरी, ती म्हणाली, "तू त्या दिन बोलनी ना, तेच खरं व्हतं. मानूस रागमा खरं बोलस."

मी माफी मागितली. तिने चहा दिला. बैल गेला आणि झोपा केला, एवढंच माझ्या हाती राहिलं.

दुसऱ्या टप्प्याला मात्र तिला सोबत चल म्हटलं. आधी नको म्हणाली, मन्हा पायगुन चांगला नही. मी हट्ट धरला. हॉस्पिटलात नर्सने नातेवाईक म्हणून तिच्यापुढे कागद ठेवला, तेव्हा तिने पेन धरलं आणि माझ्याकडे बघितलं. मी कर म्हटल्यावर तिने एकेक अक्षर काढत सही केली, आणि पेन असं खाली ठेवलं की आवाज होऊ नये.

डॉक्टरांनी या वेळी मांडीच्या पुढच्या बाजूची, वाटीच्या वरची जाड शीर घेतली. नवी भोकं नव्या जागी, दोर तिरका. शिवाय मांडीच्या बाहेरच्या अंगाच्या चिवट पडद्याची एक पट्टी सोडवून ती गुडघ्याच्या बाहेरून आवळली, म्हणजे वळताना सगळा भार आतल्या एकट्या दोरावर येणार नाही. मला ती बाहेरची पट्टी फार आवडली. एकट्याने सगळं धरून ठेवायचं नसतं, हे हाडांच्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं.

तिथून मी आईच्या घरी आले. तिने माझी खाट अशी घातली की पाय सरळ दाराकडे यावेत. तिसऱ्या दिवशी ओट्यावर मोठ्या बाबांचा खोकला झाला. आता ते काठी घेऊन चालतात. माझा हात सवयीने पट्ट्याकडे गेला. आई झटकन उठली, माझा हात बाजूला केला आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून दारात उभी राहिली.

"दाजी, तिना पाय लांबच ऱ्हाई," ती थोरल्या दिराला म्हणाली. "तुम्हले राग येवो का लोभ येवो."

मोठे बाबा काठी टेकत आत आले. मग माझ्या तळव्यांसमोर खुर्चीवर बसले आणि त्यांनी चहा मागितला. सहा आठवडे हे असंच चाललं. आई दाराशी बसायची, प्रत्येकाला आधी हेच ऐकवायची, मग आत सोडायची. जेवायलाही ती दाराशीच बसायची.

वर्ष उलटलं. सुरतेच्या डॉक्टरांनी गुडघा ओढला, पिळला, आणि तो जागचा हलला नाही. हळूहळू डोंगर चढा म्हणाले. मी आधी गावी गेले. आईला घेऊन तापीकडे उतरणाऱ्या वाटेवर गेले. ती वाट चांगलीच उभी आहे. मी एकटी खाली उतरले, पाण्यापर्यंत गेले, वळले, वर चढून आले. काठी नाही, कुणाचा हात नाही. आई पूर्ण वेळ माझ्या गुडघ्याकडे बघत होती, तोंडाकडे एकदाही नाही.

"टिकना ना?" तिने विचारलं.

"टिकना."

आई हसली. इतक्या वर्षांत मी तिला अशी हसताना पाहिली नव्हती. "ह्या टाइमले मी तुले पाय आखडू दिधा नही," ती म्हणाली. "एकदाबी नही."

तेव्हा मला कळलं की काय झालं होतं. पाय टिकला, आणि त्यामुळेच तिच्या लेखी पहिल्या वेळचा दोष तिचाच ठरला, कायमचा. भोक, उतार, पाचर, बाहेरची पट्टी, सगळं माझ्या जिभेवर आलं. ते बोलले असते तर तिने दाराशी बसून काढलेले सहा आठवडे फुकट गेले असते. नाही बोलले तर माझा तो जुना शब्द तिच्यापाशीच राहणार होता. ती माझ्याकडे बघत थांबली होती.

"हा माय," मी म्हटलं. "तुन्हामुये टिकना."

तिने पदर सारखा केला आणि घराकडे चालायला लागली, माझ्यापेक्षा झपाझप. मी मागून चालले. पाय अगदी पक्का पडत होता, आणि मला फार एकटं वाटत होतं.